दुसरी बाटली

स्वतःची मूल्यं लिहायला ताईंना चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सचोटी, शिस्त, रुग्णाचं हित. कागदावर तीन चौकटी होत्या, तिन्ही भरल्या. शेजारी बसलेली फिजिओथेरपीवाली अजून पेनाचं टोपण चावत होती, ते बघून ताईंना जरा बरंही वाटलं. माणसाला त्याची मूल्यं विचारली की तो घरावरच्या पाटीसारखं काहीतरी लिहितो. पाटीवर माळ्यावरची अडगळ कुणी लिहीत नाही, आणि लिहावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

हे शनिवार दुपारचे वर्ग म्हणजे मोठ्या साहेबांची हौस. हॉस्पिटलला गुणवत्ता प्रमुख नेमायचा होता. त्या खुर्चीसाठी ज्यांची नावं होती त्यांनी सहा शनिवार नीतिशास्त्र शिकावं आणि शेवटी 'माझी मूल्ये आणि माझे निर्णय' असा एक पेपर लिहून द्यावा, असं फर्मान निघालं होतं. नावं पाच होती, पण खुर्ची ताईंचीच हे लिफ्टमनलाही ठाऊक होतं. सव्वीस वर्षांची नोकरी, एक मेमो नाही, आणि वही अशी की तपासणीला आलेली माणसं तिचे फोटो काढून न्यायची.

ताईंचा विभाग तळमजल्यावर, लाँड्रीच्या पुढे. वर ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात जे जे येतं, चिमटे, कात्र्या, हातोड्या, हाडात बसवायचे स्क्रू, ते सगळं आधी इथून जातं. घासायचं, भिंगातून बघायचं, कापडात बांधायचं आणि कपाटाएवढ्या दोन यंत्रांत वाफेवर तापवायचं. बरी झालेली माणसं सर्जनचे आभार मानतात. तळमजल्यावर येऊन आभार मानल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

यंत्र तापलं होतं एवढं यंत्राचा कागद सांगतो. गाठोड्यावरची पट्टी काळी पडली की वाफ पोचली एवढं कळतं. पण जंतू खरोखर मेले का, हे सांगणारी एकच वस्तू, बोटाएवढी एक बाटली. तिच्यात मुद्दाम भरलेले जंतू असतात, माणसाला निरुपद्रवी पण मरायला महाचिवट. रोज पहिल्या खेपेबरोबर ती यंत्रात जाते आणि बाहेर आली की दोन दिवस उबेत ठेवतात. जांभळी राहिली तर जंतू मेले. पिवळी झाली तर काही जगले, आणि बाटलीत जगले तर कात्रीवरही जगले असतील. मग नियम असा, की यंत्र बंद करा, ती खेप परत बोलवा, वर कळवा, आणि ती हत्यारं ज्यांच्यावर वापरून झाली त्या रुग्णांना शोधा.

ताईंच्या विभागात मात्र गेली अकरा वर्षं वेगळी रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. बाटली पिवळी झाली की यंत्रवाले काका दाराचं रबर बदलायचे, पुढची खेप जरा सैल भरायचे आणि तिच्यात दुसरी बाटली घालायचे. ती जांभळी निघाली की वहीत तीच चढायची. पहिलीचं नाव काढायचं नाही. त्यामुळे अकरा वर्षांत वहीला पिवळा रंग म्हणून लागलेला नव्हता.

नीतिशास्त्राचे सर म्हणजे पोरसवदा माणूस, इस्त्री न केलेला शर्ट आणि बोटांना खडू. पाचव्या शनिवारी त्यांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. याचा परिणाम काय होईल? माझं कर्तव्य काय? आणि असंच करत राहिलो तर मी कसला माणूस होईन? मग म्हणाले, "विचारवंतांनी यावर जाडजूड पुस्तकं लिहिलीत, ती तुम्ही नाही वाचलीत तरी चालेल. पण नोकरीतला एक खरा निर्णय घ्या आणि त्याला हे तिन्ही प्रश्न विचारा. कोण सांगतंय?"

ताईंनी हात वर केला.

"तुमचा पहिला प्रश्न मी भोगून बसलेय, सर," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांपूर्वी आमची बाटली पिवळी झाली. मी नियमाने गेले. दीड दिवस थिएटर बंद. त्याच दिवशी आतड्याला पीळ पडलेला एक माणूस आला होता. त्याला दुसरीकडे पाठवावं लागलं. तो रस्त्यातच गेला. आणि मागाहून कळलं, बाटल्यांचा अख्खा खोकाच खराब आला होता. आमची हत्यारं स्वच्छ होती."

ही गोष्ट ताईंनी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.

"त्याची बायको खाली आली होती मला शोधत. मला वाटलं, मारेल. ती नुसती म्हणाली, 'नियम पाळलात ना? झालं तर मग.' आणि गेली."

सरांनी खडू खाली ठेवला. "मग तुम्ही काय बदललंत?"

"तेव्हापासून एका बाटलीवर विसंबत नाही. काका रबर बदलतात, आम्ही दुसरी बाटली लावतो. खात्री करूनच लिहितो."

"दुसरी बाटली त्याच खेपेत?"

"नाही हो. ती खेप तोवर वर गेलेली असते. पुढच्या खेपेत."

"मग," सर खरोखर न समजल्यासारखे म्हणाले, "पहिल्या खेपेचं काय झालं होतं हे पुढच्या खेपेतली बाटली कसं सांगणार? मधे तर तुम्ही रबर बदललं."

कुणीतरी खोकलं. "ती तांत्रिक बाब आहे," ताई म्हणाल्या. सरांनी मान डोलावली. त्यांना खोचक काही बोलायचं नव्हतंच. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की असं किती वेळा झालं. ताई म्हणाल्या, "दोन-तीनदा." तो आकडा त्यांनी हवेतून काढला होता. किती वेळा झालं हे त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत असण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, सव्वीस वर्षं या कामात मुरलेल्या बाईला ही साधी गोष्ट कळत नव्हती? कळत होती. न कळायला काय झालं! पण एका मेलेल्या माणसाचं ओझं इतकं होतं, की त्यांनी त्या माणसाच्या आड अकरा वर्षं बाकी सगळ्या रुग्णांना दडवून ठेवलं होतं. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्या जागी मी काय केलं असतं हे सांगवतही नाही.

बुधवारी काकांचा शेवटचा दिवस होता. तीस वर्षं वाफेच्या आवाजात काढून त्यांचा एक कान कामातून गेला होता. दुपारी विभागाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. उद्यापासून ज्याला वेळेवर कुठेच जायचं नाही त्याला घड्याळ का देतात, देव जाणे. सगळे पांगल्यावर काका आपलं लॉकर रिकामं करत होते. ताईंनी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन विचारलं, "काका, पहिली बाटली पिवळी किती वेळा झाली असेल हो?"

"सात," काका म्हणाले. त्यांना आठवावं लागलं नाही.

बुटांच्या खालून त्यांनी एक छोटी डायरी काढली. औषध कंपन्या फुकट वाटतात तसली. एकाच पानावर सात ओळी, वेगवेगळ्या शाईच्या. तारीख, यंत्र, खेप.

"लिहायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"वहीत लिहायचं नाही असं ठरलं होतं, ताई. वहीत एक अक्षर नाही."

"मग ही कशाला?"

"कशाला म्हणजे..." काकांनी पिशवीची चेन ओढली, ती अडकली, पुन्हा ओढली. "तुमच्यावर शेकवायला नाही हां. आमच्या हिलासुद्धा माहीत नाही. न लिहिता घरी जाववायचं नाही, एवढंच. जाळून टाकणार होतो काल. तेही होईना. आता तुमचं तुम्ही बघा."

आणि डायरी ताईंच्या हातात ठेवून, घड्याळाचा खोका बगलेत मारून ते निघून गेले. जाताना त्यांची चाल हलकी झाली होती. ताईंना त्यांचा हेवा वाटला आणि संतापही आला.

पाचवी ओळ तीन वर्षांपूर्वीची होती, सोळा तारखेची. तो महिना ताईंच्या पक्का लक्षात होता. त्या महिन्याच्या अठराला अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

अक्का म्हणजे ताईंची थोरली बहीण. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. अक्का दुसऱ्या हॉस्पिटलात जाणार होती, पण ताईंनी हट्ट धरला होता. "माझ्या हाताखालची हत्यारं आहेत, डोळे मिटून ये." अक्का आली. नवव्या दिवशी गुडघ्यातून पू आला. दोनदा पाय उघडला, शेवटी नवा सांधा काढूनच टाकला आणि हाड हाडाला जोडून दिलं. तेव्हापासून अक्काचा उजवा पाय वाकत नाही. बसली की तो समोर स्टुलावर ठेवावा लागतो.

ताई चार वाजताच घरी आल्या. अक्का पाय स्टुलावर ठेवून मटार सोलत होती.

"काय गं छोटी, आज लवकर? काढून टाकलं की काय?"

ताईंनी कपाटावरून अक्काची फाइल काढली. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून तेव्हा सगळ्या कागदांच्या प्रती काढून आणल्या होत्या. गाठोड्यावरची पट्टी रुग्णाच्या कागदांना चिकटवायची पद्धत ताईंनीच सुरू केली होती. त्यावरून कुठलं हत्यार कुठल्या खेपेतलं ते कळतं. बक्षीस मिळालं होतं त्या पद्धतीला. त्या एकेक पान उलटत गेल्या.

पट्टी सापडली. सोळा तारीख. पहिली खेप. यंत्र दोन.

डायरीत होतं यंत्र एक.

त्यांनी तीनदा ताडून पाहिलं. एक, दोन. एक, दोन. मग त्या जमिनीवर बसल्या आणि हसायला लागल्या. "नाही! अक्का, नाही निघालं! आपलं नाही!"

"काय आपलं नाही?"

मग सगळं सांगावं लागलं. तो माणूस, त्याची बायको, दुसरी बाटली, काकांची डायरी. अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे माझा पाय ह्यातला नाही."

"नाही. तुझं कशामुळे झालं ते माहीत नाही, पण ह्यामुळे नाही."

"म्हणून तू हसलीस."

ताईंनी फाइल मिटली.

"एक सांग मला, छोटी. नंबर जुळला असता तर मला सांगितलं असतंस?"

ताईंनी तोंड उघडलं. सरांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले होते, त्यांना तिन्हींची उत्तरं पाठ होती. हा चौथाच प्रश्न होता.

"विचार करून सांग," अक्का म्हणाली. "घाई नाही. मला कुठे धावायचंय?"

ताई रडल्या. अक्काने त्यांना जवळ वगैरे घेतलं नाही. तिचा हात तिथवर पोचतही नव्हता. रडून झाल्यावर ताई म्हणाल्या, "बाहेर काढलं तर नोकरी जाईल. पेन्शन अडकेल. केस होईल. आणि हे क्वार्टर हॉस्पिटलचं आहे, अक्का. तुला घेऊन जिना असलेल्या घरात जायचं म्हणजे..."

"हं."

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू? सांगू नकोस म्हणू? तसं माझ्या तोंडून हवंय का तुला, म्हणजे माझ्यासाठी गप्प बसलीस असं होईल?" अक्काने पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. "माझ्या पायाच्या आड लपू नकोस. मला त्याचं ओझं आधीच पुष्कळ आहे."

ताईंनी त्या संध्याकाळी पेपर लिहिला. तीन चौकटींतले तीन शब्द खोडले नाहीत. त्यांच्याखाली सात तारखा लिहिल्या, यंत्र आणि खेपेसकट, आणि काय केलं ते सरळ सहा वाक्यांत. 'हा निर्णय माझा होता, काकांनी माझा हुकूम पाळला,' हे सातवं. सकाळी जाऊन तो मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग उठून केबिनचं दार बंद केलं.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "मनापासून लिहिलंय. फक्त या तारखा काढून टाका. 'एका रुग्णालयात' असं घाला. काल्पनिक प्रसंग म्हणून आपण वर्गात वाचून दाखवू."

"काल्पनिक नाही, साहेब."

"ते कळतंय मला. म्हणूनच सांगतोय." साहेब खुर्ची ओढून समोर बसले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त कठीण होतं. "हे बाहेर गेलं तर हॉस्पिटलला टाळं लागेल. रोज चारशे माणसं येतात, त्यांनी जायचं कुठे? अकरा वर्षांपूर्वीचा तो माणूस विसरलात? तेव्हाही तुम्ही खरेपणानेच वागला होतात. सोमवारी तुमची मुलाखत आहे. खुर्चीवर बसा आणि हवे तेवढे कडक नियम करा. पुढच्यांचं भलं करा. मागचं उकरून कुणाचा पाय परत येणार आहे?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अकरा वर्षं ताईंनी स्वतःला हेच सांगितलं होतं, याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकताना मात्र त्यांना शिसारी आली. कागद तिथेच ठेवून त्या उठल्या. "मुलाखतीला दुसऱ्या कुणाला बोलवा," एवढंच म्हणाल्या. साहेबांनी कागद खणात टाकला आणि खणाला किल्ली लावली.

पण डायरी ताईंच्या पर्समध्ये होती, आणि रेकॉर्डरूमवाल्याला अजून कुणाचा फोन गेलेला नव्हता. त्याच्या लेखी ताई म्हणजे उद्याच्या गुणवत्ता प्रमुख. त्याने खुर्ची दिली, पंखा सुरू केला आणि मागितलेल्या फाइली काढून दिल्या.

सगळ्यांत जुनी ओळ साडेनऊ वर्षांपूर्वीची. त्या खेपेतली गाठोडी सहा जणांवर उघडली होती. तिघांचं काही बिघडलेलं नव्हतं. एक म्हातारा ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी वारला होता, कारण 'वय'. एका बाईचा पत्ता अर्धवट होता. सहावा एकोणीस वर्षांचा मुलगा, मोटारसायकलवरून पडलेला, मांडीच्या हाडात सळई. मग पू. मग आणखी तीन ऑपरेशनं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, मांडीच्या वरून पाय काढला. खाली फोन नंबर.

ताईंनी तिथल्याच फोनवरून नंबर फिरवला. लागणार नाही अशी आशा होती. लागला. एका बाईने उचलला.

"मी हॉस्पिटलमधून बोलतेय," ताईंनी नाव सांगितलं, विभाग सांगितला, मुलाचं ऑपरेशन सांगितलं.

"अगं बाई, हॉस्पिटलमधून?" पलीकडचा आवाज एकदम फुलला. "इतक्या वर्षांनी आठवण ठेवलीत? कोण विचारतं हो आजकाल! बरा आहे तो. म्हणजे, असतो घरातच. बोलत नाही फारसा. पण तुमची काही चूक नाही त्यात. तुमच्या डॉक्टरांनी तर जीव तोडून केलं."

"बाई, मी त्याच्याचबद्दल..."

"चूक माझीच," बाई म्हणाल्या. घोकून घोकून गुळगुळीत झालेल्या वाक्यासारखं त्यांनी ते म्हटलं. "डॉक्टर म्हणाले होते ना तेव्हा, घरी स्वच्छता ठेवली नाहीत म्हणून. खरं आहे ते. पट्टी भिजली होती एकदा. मीच अंघोळ घातली होती त्याला. खूप घाम आला म्हणत होता. एवढंसं पाणी लागलं हो, एवढंसंच. त्यालाही तसंच वाटतं, पण बोलून नाही दाखवत बिचारा."

रेकॉर्डरूमवाला पलीकडे गठ्ठे बांधत होता. ताईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"ते पाण्याने झालं नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेक आमच्यामुळे झालं. माझ्यामुळे. तुम्ही जरा बसून घ्या, मी पहिल्यापासून सांगते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि बाई हलक्या आवाजात कुणाला तरी म्हणाल्या, "अरे, कुबड्या घे आणि इकडे ये जरा. तुझ्यासाठी फोन आहे."